ही बाजू पडद्याकडे

इंग्लंडात पाऊस पडत नाही. तिथल्या रस्त्यांवर माणसं नसतात. जी दोन-चार असतात ती मराठी असतात, ओव्हरकोटात कोंबलेली आणि उन्हानं डोळे बारीक केलेली. दुकानं बारा महिने बंद. दर मोटारीच्या बॉनेटला कुणीतरी टेकलेलं असतं आणि त्या मोटारीचा मालक दर वेळी दुसराच कुणी असतो. हे इंग्लंड भूगोलाच्या पुस्तकात नाही. ते आहे पुठ्ठ्याच्या दोन इंची चौकटींत, छोट्या पिवळ्या डब्यांत, साठ-सत्तरच्या दशकांत विलायतेला जाऊन परत आलेल्या मराठी डॉक्टरांच्या कपाटांत.

तेव्हा जाणारे पुष्कळ होते. १९७५ पर्यंत भारतातल्या बऱ्याच वैद्यकीय पदव्या ब्रिटनमध्ये थेट चालत. तिकडच्या सरकारी रुग्णालयांना डॉक्टर कमी पडत होते, आणि इकडे नावापुढं ‘एडिनबरा’ लागलं की दवाखान्याची पाटी आणि घरच्यांची मान दोन्ही लांबत. औरंगाबादचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय १९५६ सालचं. त्यामुळं पुण्या-मुंबईच्या पोरांमागोमाग मराठवाड्यातली पोरंही बोटीत, मग विमानात बसू लागली. परतताना प्रत्येकाकडं एक पदवी, एक टेपरेकॉर्डर आणि स्लाइड्सचे दोन-चार डबे असत. पदवी भिंतीवर गेली, टेपरेकॉर्डर मेव्हण्यानं नेला, डबे राहिले.

असा एक डबा बीड तालुक्यातल्या नेकनूरला आहे असं धरून चालू. धरायला कारण आहे. कोकणातल्या घरात स्लाइड ठेवली की काही पावसाळ्यांत तिच्यावर बुरशी चढते. फिल्मच्या थरात जिलेटिन असतं आणि बुरशीला ते फार आवडतं; टेम्स नदीवर पांढरे धागे पसरतात आणि मग थेट बकिंगहॅम राजवाड्यात शिरतात. नेकनूरला ही भानगड नाही. मांजरसुंब्याहून केजकडं जाणाऱ्या रस्त्यावरचं, बालाघाटाच्या पट्ट्यातलं हे गाव. हवेला ओलाव्याचं वावडं, पाऊस आला तर आला. माळवदाच्या घरातल्या हातभर जाडीच्या भिंतीत एक कोनाडा आणि त्यात अंधारात पन्नास वर्षं पडलेला कोडाक्रोम या रंगीत फिल्मच्या स्लाइड्सचा डबा, म्हणजे संग्रहालयाच्या तळघराची सोय फुकटात झाली.

त्यात कोडाक्रोमचा स्वभाव असा, की त्याचे रंग अंधारात वर्षानुवर्षं टिकतात आणि प्रोजेक्टरच्या दिव्यासमोर उडतात. ज्या डॉक्टरांनी येईल त्या पाहुण्याला धरून विलायत दाखवली त्यांची विलायत फिकी पडली. ज्यांच्या सौभाग्यवतींनी पहिल्याच दिवाळीला ‘पुरे आता’ म्हणून डबा वर टाकला त्यांचं गवत अजून हिरवंगार आहे. दुष्काळी जिल्ह्याचे फायदे मोजायला बसलं तर यादी फार लांबत नाही, पण बुरशी न लागणं आणि बायकोनं वेळीच ऐकवणं या दोन गोष्टी तिच्यात घालायला हरकत नसावी.

आता ते न पडणाऱ्या पावसाचं. कोडाक्रोम १९३५ साली अमेरिकेत आला. तो शोधणारे दोघं, लिओपोल्ड मॅनेस आणि लिओपोल्ड गोडोव्स्की, पेशानं वादक, एक पियानोचा आणि दुसरा व्हायोलिनचा. रंग त्यांनी सुरेल लावले, पण फिल्म मात्र विलंबित ख्यालाची. १९६१ साली सुधारून आलेल्या कोडाक्रोमचा वेगही अवघा २५ होता. म्हणजे लख्ख ऊन हवं. ढग आले की कॅमेरा बंद करून पिशवीत. एका रोलमध्ये फोटो वीस, नाहीतर छत्तीस. पगार हाउसमनचा, निम्मा घरी पाठवायचा. अशा माणसानं रिमझिम पावसात, राखी उजेडात, ओल्या फुटपाथवर एक फोटो वाया घालवावा ही अपेक्षाच चुकीची. त्यानं वाट पाहिली. इंग्लंडात वर्षाकाठी जे थोडे दिवस ऊन पडलं ते सगळे त्यानं नेमके वेचून नेकनूरला आणले.

आणि त्याला सुट्टी रविवारची. त्या काळी, अगदी १९९४ चा कायदा होईपर्यंत, इंग्लंडात रविवारी बहुतेक दुकानं उघडायला मनाई होती. हाय स्ट्रीट ओस, फळ्या ओढलेल्या, एखादं कुत्रं माणसाला फिरवून आणतंय. ते चित्र नेकनूरच्या भिंतीवर पडलं तेव्हा बघणारे कोण होते हेही लक्षात घ्यायला हवं. नेकनूरचा आठवडी बाजार रविवारचा. शेळ्या, बैल, मिरच्या, दोरखंड, पाल ठोकून बसलेले कासार, बोंबलून घसा बसलेले भेळवाले. रविवार म्हणजे पाय ठेवायला जागा नाही असा दिवस, हे या लोकांच्या हाडात बसलेलं. त्यांच्यासमोर डॉक्टर सांगतायत, ‘‘हा तिथला भर बाजारातला रस्ता, रविवारी सकाळी अकरा वाजता.’’ पुढच्या ओळीतल्या आजीनं विचारलं नसतं तरच नवल, ‘‘आवं डॉक्टर, तिथं माणसं राहतेत का न्हाई?’’

स्लाइड्सचा खेळ हाही मोठा सोहळा असायचा. नव्या पिढीनं तो पाहिलेला नाही, म्हणून थोडक्यात. पडदा म्हणजे धुतलेलं पांढरं धोतर. धोतराला मधोमध घडी; त्यामुळं लंडनच्या सगळ्या वास्तूंना एकाच ठिकाणी भेग. प्रोजेक्टरचा पंखा पिठाच्या गिरणीच्या आवाजात फिरतोय आणि गावची वीज कमीजास्त होतेय, त्यामुळं इंग्लंडात दर पाच मिनिटांनी संध्याकाळ होते. पोरांचे हात त्या झोतात, म्हणून संसदेवर ससा. स्लाइड घालायच्या पद्धती आठ, त्यांतली बरोबर एकच. प्रोजेक्टरच्या भिंगातून चित्र उलटं पडतं, म्हणून स्लाइड डोकं खाली करून घालायची. शिवाय डावंउजवं सांभाळायचं. कोडॅकनं पुठ्ठ्याच्या एका अंगाला ‘ही बाजू पडद्याकडे’ असं इंग्रजीत छापून ठेवलं होतं, पण ते अंधारात वाचायचं कसं हे कोडॅकनं सांगितलं नव्हतं. जाणते लोक कोपऱ्यात शाईचा ठिपका देत आणि त्यावर अंगठा ठेवून स्लाइड आत सारत. अजाणते लोक ट्रॅफल्गार चौकातल्या नेल्सनला त्याच्या खांबावरून उलटा टांगत.

महाराष्ट्राला हा प्रकार नवा नव्हता म्हणा. कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी १८९२ साली ‘शांभरिक खरोलिका’ सुरू केली होती. काचेवर हातानं रंगवलेली चित्रं, एकाहून जास्त प्रोजेक्टर, सोबत निवेदन आणि गाणी. सीतास्वयंवरातली माणसं त्यांनी पडद्यावर हलवून दाखवली. फरक एवढाच की पटवर्धनांचा प्रेक्षक तिकीट काढून यायचा आणि डॉक्टरांचा प्रेक्षक जेवायला बोलावलेला असायचा, तेही जेवण स्लाइड्स संपल्यावर. पहिली वीस मिनिटं कौतुकाची, पुढची वीस सभ्यतेची. त्यापुढं फक्त घरातले आणि ज्यांची एस.टी. चुकली ते.

तर अशा डब्यातली एक स्लाइड आज, म्हणजे डॉक्टरांच्या नातवानं मोबाइलच्या पांढऱ्या पडद्यावर धरून, जवळून बघितली तर काय दिसतं? मधोमध आजी, पाचवारी नेसलेली, वरून दुसऱ्याचा ओव्हरकोट, कपाळावर ठसठशीत कुंकू. त्यांच्यासाठी हा फोटो काढलेला. त्यांनी चौकटीचा निम्मा भाग व्यापलाय आणि आजोबांच्या दृष्टीनं फोटो तिथंच संपला. उरलेल्या निम्म्यात मात्र इंग्लंड गुपचूप शिरलंय.

मागं विटांच्या एकाला एक चिकटलेल्या घरांची रांग. दाराच्या पायरीवर दुधाच्या दोन काचेच्या बाटल्या, वर चंदेरी पत्र्याची टोपणं. त्यांतल्या एका टोपणाला भोक. हे भोक म्हणजे सगळ्या स्लाइडमधली सर्वांत इंग्लिश गोष्ट! ब्लू टिट नावाचा चिमणीहून लहान पक्षी तिथं पहाटे दूधवाल्याच्या मागोमाग येऊन टोपण फोडायचा आणि वर तरंगणारी साय खायचा. पक्ष्यांच्या या चोरीची पहिली नोंद १९२१ साली साउदॅम्प्टनजवळची. पुढं ही कला देशभरच्या पाखरांत पसरली आणि शास्त्रज्ञांनी त्यावर निबंध लिहिले. सायीवर डोळा ठेवून बसलेली मांजर नेकनूरनं पाहिलीय, पण सायीसाठी मोहरबंद बाटली फोडणारं पाखरू पाहायला गाव तेव्हा एका पायावर तयार झालं असतं. डॉक्टरांनी ते सांगितलंच नाही. ते सांगत होते कोटाची किंमत.

बाटल्यांच्या उजवीकडं एक मोटार, जिची मागची काच आत झुकलेली. नातू किंचाळतो, ‘‘ही तर हॅरी पॉटरची गाडी!’’ बरोबर, ती फोर्ड अँग्लिया. तिच्यापलीकडं आणखी एक गोलसर, ढेरपोटी मोटार, आणि ती मात्र धोतराच्या पडद्यावरही सगळ्यांनी ओळखली असणार. मॉरिस ऑक्सफर्ड. हिच्याच साच्यातून १९५७ पासून कलकत्त्याजवळ अँबॅसेडर निघू लागली आणि २०१४ पर्यंत निघतच राहिली. इंग्रजांनी ती केव्हाच विसरून टाकली. आपल्याकडं तिनं कलेक्टर, पुढारी, नवरदेव आणि एकावेळी अकरा वऱ्हाडी वाहिले. डॉक्टरांनी हजारो रुपये खर्चून साता समुद्रापलीकडून आणलेल्या चित्रात गावाला जी एकमेव वस्तू मनापासून आवडली ती बीडच्या स्टँडसमोर रोज उभी असायची.

वर आभाळाकडं बघितलं तर धुराडी, आणि त्यामागं लांबवर घड्याळाचा मनोरा, काळाकुट्ट. ‘स्लाइड खराब झालीय,’ असं म्हणून नातू मोबाइलवर तो उजळून घेतो. त्याला वाटतं उजेड कमी पडला. स्लाइड ठणठणीत आहे. बिग बेनच काळा होता. शतकभर कोळशाचा धूर खाऊन लंडनच्या दगडांवर काजळी चढली होती. डिसेंबर १९५२ च्या धुरक्यानं हजारो माणसं दगावली, मग १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा आला, पण दगड धुवायला वेळ लागला. संसदेच्या मनोऱ्याची मोठी साफसफाई ऐंशीच्या दशकात झाली. आज सहलीला जाणारी मंडळी जो मधाच्या रंगाचा मनोरा पाठीमागं घेऊन सेल्फी काढतात तो आजोबांनी कधी पाहिला नाही. खुद्द लंडनवाल्यांनासुद्धा आपलं शहर किती काळं होतं हे आता जुन्या स्लाइड्समधूनच कळतं.

पैशांचीही एक गंमत त्या डब्यात आहे, पण ती चित्रात दिसत नाही, दुकानाच्या काचेवरच्या चिठ्ठीत वाचावी लागते. भाव पौंड-शिलिंग-पेन्सांत. बारा पेन्सांचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड. भारतानं आण्यांना निरोप देऊन १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आणले. इंग्लंडला दशमान पद्धत उमजायला १५ फेब्रुवारी १९७१ उजाडलं. म्हणजे मराठवाड्यातला डॉक्टर लंडनला उतरला तेव्हा हिशेबाच्या बाबतीत तो पुढारलेल्या देशातून मागासलेल्या देशात आला होता. पण त्याला जड गेलं नाही. नेकनूर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. त्या राज्याचा हाली सिक्का निराळा, सात हाली म्हणजे सहा कलदार, असा तोंडी हिशेब घालत ज्याचा बाप भुसार विकायचा, त्याला शिलिंगाची काय मातब्बरी!

पु. ल. देशपांड्यांचं ‘अपूर्वाई’ १९६० सालचं. इंग्लंडच्या रोजच्या जगण्यात मराठी वाचकाला हसण्यासारखं बरंच सापडतं हे त्यानं दाखवून दिलं होतं. ते पुस्तक वाचून गेलेल्या डॉक्टरांनीही कॅमेरा हातात आला की मेणाच्या पुतळ्यांचं संग्रहालयच गाठलं, हे थोडं नवल. शिलिंग टाकल्याशिवाय चालू न होणारा खोलीतला गॅसचा मीटर कुणी टिपला नाही. एकाच नहाणीघरासाठी जिन्यात लागलेली रांग टिपली नाही. आणि एक वस्तू तर मुद्दाम वगळलेली: ‘भाड्यानं खोली मिळेल’ या पाटीखालची, काळ्या-सावळ्यांनी विचारू नये अशा अर्थाची ओळ. घरभाड्यातला हा भेद कायद्यानं बंद झाला १९६८ साली. तोवर ती ओळ वाचून पुढच्या दारी जायचं आणि रविवारी ऊन पडलं की राणीच्या राजवाड्यासमोर उभं राहून हसायचं, असा शिरस्ता होता. त्या हसण्यांत किती दारं मागं पडली होती हे धोतराच्या पडद्यावर कधी उमटलं नाही. घरी पाठवायच्या पत्रातही नाही. स्लाइडवर तर छापलेलंच होतं, पडद्याकडं कुठली बाजू करायची ते.

इतकं झाल्यावर असं वाटेल की निरुपयोगी गोष्टींकडं दुर्लक्ष करणं हा मराठी गुण आहे. तसं नाही, इंग्रज या बाबतीत वरचढ. ऑगस्ट १९६८ मध्ये ब्रिटिश रेल्वेनं वाफेची इंजिनं मोडीत काढली. तिथं रुळाकडेला वही-कॅमेरा घेऊन बसणाऱ्या शौकिनांची एक जमातच आहे. इंजिनाचा नंबर मिळाला की त्यांना देव भेटल्याचं समाधान. घरची इंजिनं संपल्यावर ही मंडळी धूर शोधत परदेशी निघाली आणि भारतात येऊन धडकली. इथं वाफ जोरात होती. आपल्या भागातलं त्यांचं तेव्हाचं तीर्थ म्हणजे बार्शी लाइट रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं बांधलेली, अडीच फुटी रुळांची, १८९७ पासून कुर्डुवाडीहून बार्शीला जाणारी, पुढं पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत वाढलेली छोटी गाडी. नेकनूरपासून बार्शी तशी हाकेच्या अंतरावर, फक्त हाक जरा मोठी मारावी लागते. बीड शहराला स्वतःची रेल्वे मिळायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडलं, तेव्हा तोवर आगगाडी बघायची तर एक तर परळीला जा, नाहीतर घाट उतरून बार्शीच्या बाजूला.

त्या शौकीन साहेबानं बार्शीला काय केलं? हातात कोडाक्रोम, लख्ख ऊन, जे आपल्याकडं त्याला फुकटात आणि बारा महिने मिळालं. त्यानं इंजिन टिपलं. पुढून टिपलं, बाजूनं टिपलं, चाकं टिपली, पाणी भरताना टिपलं. आणि फलाटावर उभी असलेली माणसं चौकटीत आल्याबद्दल मनातल्या मनात चडफडला. आज त्या स्लाइड्स त्यांच्या देशातल्या कुणाच्या गॅरेजात पडल्या असतील, त्यांतलं इंजिन बाजूला ठेवून बघावं: फेटा बांधलेला म्हातारा, आडव्या काठीला अडकवलेलं गाठोडं, वारीहून परतणाऱ्या बाईच्या डोक्यावरची तुळस, पितळी तांब्या, उस्मानाबादी शेळी खिडकीतून आत ढकलणारा गडी आणि ते पाहून न पाहिल्यासारखं करणारा तिकीट तपासनीस. गावाकडं कॅमेरा फक्त लग्नात यायचा, आणि लग्नाच्या फोटोत सगळेच सावधान. कुणी रोजच्या कपड्यांत, रोजच्या घाईत, आपण दिसतोय याची खबर नसताना असं रंगीत सापडणं, तेही त्या दशकांतल्या मराठवाड्यात, जवळजवळ अशक्य.

हिशेब मांडला तर अदलाबदल सरळ आहे. इंग्लंडच्या दुधाच्या बाटल्या नेकनूरच्या कोनाड्यात, मराठवाड्याच्या शेळ्या इंग्लंडच्या गॅरेजात. दोन्हीकडच्या वारसांनी ते डबे एकमेकांना टपालानं पाठवले तर दोन्ही घरांचं भलं होईल. फक्त टपालखर्च कुणी द्यायचा यावर बोलणी फिसकटतील, कारण दोन्ही बाजूंना आपलीच वस्तू जास्त मोलाची वाटणार.

कोडाक्रोम स्वतः आता राहिलेला नाही. २००९ साली कंपनीनं तो बंद केला. कारखान्यातून निघालेला अखेरचा रोल स्टीव्ह मॅकरी या छायाचित्रकाराला देण्यात आला आणि त्यातला काही भाग त्यानं चक्क मुंबईत वापरला. अमिताभ बच्चन, आमिर खान, नंदिता दास त्यात आहेत. म्हणजे छत्तीस फोटोंचाच हिशेब शेवटच्या रोललाही चुकला नाही, आणि त्यालाही पुन्हा प्रसिद्ध चेहरेच लागले. मागच्या रस्त्यावर वडापावची गाडी होती का, हे आता कळायला मार्ग नाही. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात पार्सन्स नावाच्या गावी या फिल्मचं जगातलं शेवटचं धुलाईघर होतं. २०१० च्या वर्षअखेरीस तिथंही रोल घेणं थांबलं.

नातवानं मात्र काम मनावर घेतलंय. बीडहून स्कॅनर आणलाय, आणि कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज एक इंग्लंड पडतं. पहिल्याच दिवशी त्यानं चार स्लाइड्स उलट्या बाजूनं स्कॅन केल्या, त्यामुळं सगळ्या मोटारी रस्त्याच्या उजवीकडून धावू लागल्या. पुण्याच्या काकांनी लगेच खात्रीनं लिहिलं, ‘हे पॅरिस आहे. मला दादानं सांगितलं होतं.’ त्यावर तीन जणांना पॅरिसच्या आठवणीही आल्या. चमकदार बाजू कुठली, खरबरीत कुठली, हे हाताला लागेपर्यंत दादांची युरोपची सहल बरीच पुढं सरकली होती. मग पाटीवरची अक्षरं सुलटी झाली आणि पॅरिसचं लेस्टर झालं. काकांनी ग्रुप सोडला नाही, पण दोन दिवस काही पाठवलंही नाही. सगळ्यात जास्त चर्चा झाली ती एका धूसर स्लाइडवर, जिच्यात दोरीवर कपडे वाळत घातलेत: एक पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, दोन बनियन आणि एक नऊवारी, अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. शेजारच्या अंगणातली गोरी बाई कुंपणावरून त्या लुगड्याकडं बघतेय. आजोबांनी हा फोटो बहुधा चुकून, बटण दाबलं गेल्यामुळं काढला असावा.

दरम्यान नेकनूरच्या बाजारात दर रविवारी फोटोंचा नुसता पाऊस. व्यापारी बोकडाला उभा करतो, एकजण शिंगं धरतो, दुसरा पाठीमागून शेपटी सरळ करतो आणि मोबाइलवर एका बोकडाचे वीस फोटो निघतात, आडवे, उभे, दात दाखवताना. गिऱ्हाईक पुण्यात असतं, सौदा व्हॉट्सअॅपवर होतो. प्रत्येक फोटोत बोकडाच्या पोटाखालून आणि पाठीवरून सगळा बाजार दिसतो: चहाची टपरी, भाव करताना रुमालाखाली धरलेले हात, मिरचीच्या ढिगाशी शिंकणारी पोरगी, पिकअपच्या टपावर झोपलेला ड्रायव्हर. सौदा झाला की व्यापारी फोटो लगेच डिलीट करतो, कारण मोबाइलमध्ये जागा राहत नाही आणि पुढच्या आठवड्यात दुसरे बोकड असतात.